कुर्ल्याची मोटार, सुरतेचा रस्ता

सुरतेहून कडोदऱ्याकडे आणि पुढे बारडोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पर्वत पाटिया हे ठिकाण लागते. पाटिया म्हणजे पाटी. आडबाजूच्या गावाच्या नावाची पाटी हमरस्त्याच्या कडेस जेथे उभी असे तेथे मोटारबस थांबे, दोन-चार टपऱ्या पडत, आणि कालांतराने त्या थांब्यासच गावाच्या नावापुढे ‘पाटिया’ हे उपपद लागे. दक्षिण गुजरातेत अशी स्थळे पुष्कळ आहेत. पर्वत हे मूळ गाव आज सुरत शहराच्या पोटात गेले आहे, आणि भोवतीचा प्रदेश कापडाच्या व्यापाराने गजबजला आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी माणसांच्या लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्याही येथून फार दूर नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेश सुरतेस जोडला. पुढे यंत्रमागांनी ती वाट कायमची वाहती ठेवली. मोटारीच्या थांब्यावरून ज्या स्थळास नाव मिळाले, तेथे बसून मोटारीचा इतिहास सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

हा इतिहास राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस गाड्यांचा नव्हे. त्या गाड्यांचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे; अमदावादजवळ कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांनी जमविलेला संग्रह पाहिला की त्या वैभवाची कल्पना येते. येथे विचार करावयाचा तो घरच्या मोटारीचा. वडिलांनी वा आजोबांनी घेतलेली, लग्नकार्यास, देवदर्शनास आणि अडल्या वेळी दवाखान्यात धावलेली ही गाडी आता अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. ती भंगारात घालवत नाही. मग तिला मूळ रूपात उभी करावी, की नव्या काळाचे भाग घालून रोजच्या कामास लावावी, हा प्रश्न घरात निघतो आणि दोन पिढ्यांत वादही होतो. सुरतेपासून सोलापूरपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत ही मोटार बहुधा एकच असे. ती म्हणजे फियाट.

ही मोटार नावाने इटालियन असली तरी तिचा जन्म मुंबईतील कुर्ल्याचा. हिंदुस्थानात मोटारी बनवाव्यात ही कल्पना प्रथम तपशीलवार मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी, आणि ती उचलून धरली वालचंद हिराचंद यांनी. वालचंद हे १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले, गुजराती भाषी जैन कुळातले. महाराष्ट्राची भूमी आणि गुजरातचा व्यापारी पिंड यांचा असा संयोग विरळा. विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही धंद्यांत त्यांनी उडी घेतली. परकीय सरकारने मोटारीच्या योजनेस साहाय्य केले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याहून मोटारी बाहेर पडू लागल्या. या मोटारी थोर आणि महाग होत्या, पेट्रोलही फार पीत. गरीब देशास त्या परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून १९५०-५१ च्या सुमारास इटलीतील फियाटशी संबंध जोडला गेला, आणि १९५४ पासून ‘अकराशे’ या नावाने ओळखली जाणारी गाडी येथे तयार होऊ लागली. ती पाहण्यास वालचंद नव्हते. १९५३ च्या एप्रिलमध्येच त्यांचे निधन झाले होते.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ज्या कारखान्यांजवळ मोटारीचे भाग हळूहळू देशातच बनविण्याची योजना असेल, त्यांनाच धंदा चालविण्याची मुभा राहील असे टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर ठरले. परदेशातून सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या बड्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. जनरल मोटर्सची शिवडीची जुळणी १९२८ पासून चालू होती, ती थांबली. या धोरणाने ग्राहकास निवड उरली नाही आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणे त्याच्या कपाळी आले, हा आक्षेप खरा आहे. परंतु पिस्टनपासून दाराच्या मुठीपर्यंत सारे भाग देशात घडविणारे लहानमोठे कारखाने याच धोरणामुळे उभे राहिले, हेही तितकेच खरे. आज सत्तर वर्षांनी जुन्या फियाटचा एखादा भाग शोधत निघालेल्या माणसाच्या हाती काही लागते, ते त्या सक्तीचे फळ होय.

ही गाडी सामान्य संसारी माणसाच्या आकांक्षेचे माप कशी बनली, हे लालबहादूर शास्त्री यांच्या उदाहरणावरून कळते. देशाच्या पंतप्रधानांनी १२,००० रुपयांची फियाट घेताना पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपये कर्ज काढले. १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले तेव्हा ते फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. ती मोटार दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे.

गाडीची नावे मात्र बदलत गेली. जुन्या गोलसर फियाटला महाराष्ट्रातील लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिच्या पुढच्या दारांची बिजागरी मागच्या अंगास असल्याने ती उलटी उघडत. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. फियाटशी झालेला करार संपल्यावर १९७३ च्या सुमारास ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि लवकरच ‘पद्मिनी’. आतील एंजिन तेच, १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. गिअरची दांडी सुकाणूच्या खांबावर, जोर मागच्या चाकांना. इटलीने हे रूप १९६० च्या दशकातच सोडले. कुर्ल्याने ते शतक संपेपर्यंत चालविले. यास स्थितिशीलता म्हणावे की चिकाटी, हे ज्याने त्याने ठरवावे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि पद्मिनीचे दिवस भरत आले. मुंबईच्या रस्त्यांवर काळीपिवळी टॅक्सी म्हणून मात्र ती टिकून राहिली. अखेरची नोंद २००३ मधील, आणि वीस वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही दिसेनाशी झाली.

आता दुरुस्तीकडे वळू. या गाडीस स्वतंत्र सांगाडा नाही. तळाचा पत्रा, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून गंज हा तिचा खरा शत्रू. रंग कितीही चकचकीत असो, पायाखालचा गालिचा उचलून तळ पाहिल्यावाचून जाणता मेस्त्री किंमत सांगत नाही. सुरतेच्या या भागात तर ही चिंता दुप्पट. तापीचा २००६ मधील महापूर सर्वांस आठवतो. परंतु पर्वत गाव आणि लिंबायत यांच्या बाजूस पावसाळ्यात खाडीचे पाणीही घरांत शिरते. अशा पाण्यात एक रात्र उभी राहिलेली गाडी वरून धुऊन-पुसून स्वच्छ होते, पण दारांच्या पोकळ्यांत आणि तळाच्या कडांत बसलेला गाळ आतून पत्रा खातो. तेथे लांबी भरून वर रंग मारणे म्हणजे रोग झाकणे. कुजलेला पत्रा कापून नवा सांधणे हाच उपाय. ते वेळखाऊ आहे, खर्चिक आहे, आणि पाहणाऱ्यास दिसतही नाही. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी ते टाळले जाते.

आधुनिकीकरणाचे सारेच प्रकार एका मोलाचे नाहीत. डायनामो काढून अल्टरनेटर बसविला तर रात्री दिवे मंदावत नाहीत. ठिणगीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घातली तर पावसाळ्यात धक्का मारण्याची पाळी कमी येते. दोन्ही बदल काही तासांत उलटवता येतात. रबरी नळ्या तर बदलल्याच पाहिजेत, कारण आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराशी त्याचे जमत नाही. चारही चाकांचे ड्रम ब्रेक ज्या काळी पुरेसे होते, तो काळ कडोदऱ्याच्या रस्त्यावर आता नाही. पुढे डिस्क ब्रेक आणि आसनांस पट्टे बसविण्याची इच्छा कोणासही होईल, आणि घरची माणसे त्या गाडीत बसणार असतील तर तिला हट्ट म्हणता येणार नाही. परंतु परक्या गाडीचे एंजिन आत कोंबणे आणि त्यासाठी मधला पत्रा कापणे ही निराळी गोष्ट. मग नाव फियाटचे राहते, गाडी राहत नाही.

कायदाही येथे आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बनावटीत फेरफार करण्यास मनाई करते. मान्यताप्राप्त संच बसवून गाडी नैसर्गिक वायूवर चालविण्यासारख्या काही गोष्टींस तेवढी मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ आणखी स्पष्ट केला. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील खाजगी गाड्यांसाठी नवे नियम काढले. सांगाडा, कवच आणि एंजिन यांत मोठा फेरबदल नसेल तर २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी पाटी मिळते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, शर्यतफेरी, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास नाही. म्हणजे जतन करावयाचे तर चालवावयाचे नाही, आणि चालवावयाचे तर साध्या नोंदणीचे खर्च सोसावयाचे, असा हा पेच आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. संग्रहालयाच्या दृष्टीने हा नियम योग्य असेल. घरच्या मोटारीच्या दृष्टीने तो कठोर आहे. ती मोटार मोलाची ठरली ती चालली म्हणून.

१९७४ च्या पहिल्या पद्मिनीने आता पन्नाशी ओलांडली आहे. कुर्ल्याहून शेवटी निघालेल्या पद्मिनींना ही पन्नाशी गाठण्यास २०५० च्या आसपास पोहोचावे लागेल. तोवर दर पाच वर्षांनी त्यांना परिवहन कार्यालयाच्या अंगणात तपासणीसाठी उभे राहावे लागणार, आणि तेथे तळाचा पत्रा शाबूत आहे काय आणि हँडब्रेक धरतो काय हेही पाहिले जाणार.