बी अम्मा : अली बंधूंच्या मातोश्री



शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात खिलाफत चळवळीचा धडा येतो. त्यात मौलाना शौकत अली आणि मौलाना महंमद अली ही दोन नावे आपण सर्वांनी पाठ केलेली आहेत. परंतु त्यांच्या आईचे नाव काय, असे मी वर्गात विचारतो तेव्हा बहुधा सर्वत्र शांतता असते. एखादा हुशार मुलगा "बी अम्मा" असे सांगतो. पण ते नाव नव्हे, ती हाक आहे. त्या माउलीचे नाव होते आबादी बानो बेगम. आपल्याकडेही बाईचे नाव असेच नाहीसे होते. आधी ती कोणाची तरी सून असते, मग अमक्याची अम्मी होते, आणि तिचे स्वतःचे नाव फक्त रेशनकार्डावर उरते.

आबादी बानोंचा जन्म 1850 च्या सुमारास झाला. 1857 चा धुमाळा त्यांनी कोवळ्या वयात अनुभवला. पुढे रामपूर संस्थानातील अब्दुल अली खान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1880 साली पटकीच्या साथीत पती वारले तेव्हा बी अम्मांचे वय तिशीच्या आसपास होते. पदरी पाच मुलगे आणि एक मुलगी. धाकटा महंमद अली 10 डिसेंबर 1878 चा, म्हणजे बाप गेला तेव्हा धड दोन वर्षांचाही नव्हता. मिळकत होती, पण तिच्यावर कर्ज होते, आणि कारभार दिरांच्या हाती होता.

दुसऱ्या निकाहाची बोलणी आली, ती त्यांनी परतवून लावली. एका नवऱ्याचे करून झाले, आता पाच नवरे आणि एक बायको सांभाळायची आहे, अशा अर्थाचे त्या हसत बोलत. मुलांनाच त्या नवरे म्हणत होत्या! या विनोदामागे किती रात्रींची काळजी असेल, हे ज्या भगिनींवर असा प्रसंग आला आहे त्यांना सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या काळी आपल्या समाजात इंग्रजी तालमीविषयी फार मोठा संशय होता. इंग्रजी शिकला की पोरगा दीनापासून गेला, अशी समजूत घरोघर होती. सर सय्यद अहमद खान यांनी 1875 साली अलीगढला मदरसा काढला आणि 1877 साली त्याचे कॉलेज झाले, तरी रामपूरसारख्या ठिकाणी विरोध कायम होता. बी अम्मांनी मुलांना बरेलीच्या इंग्रजी शाळेत घालायचे ठरवले तेव्हा दिरांनी नकार दिला. घरात एक काफर झाला तेवढा पुरे, असा त्यांचा पवित्रा होता. पैसा त्यांच्या हाती, मग बाई काय करणार?

बाईने आपले दागिने काढले. घरातल्या मोलकरणीच्या हातून ते शेजारच्या हिंदू सावकाराकडे गुपचूप तारण ठेवले आणि आलेल्या पैशातून मुलाला बरेलीला रवाना केले. दिरांना पुढे ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनीच ते दागिने सोडवून आणले आणि खर्चाची तजवीजही केली. महंमद अलींनी 1923 च्या सुमारास तुरुंगात लिहिलेल्या इंग्रजी आत्मकथनात ही हकिकत आली आहे. मला त्यात दिरांचे वागणेही लक्षात ठेवण्यासारखे वाटते. ते दुष्ट नव्हते. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती एका विधवेच्या दागिन्यांपुढे हरली.

वाचकहो, स्वतः बी अम्मांचे शिक्षण जवळजवळ नव्हते. तरीसुद्धा आपल्या उभ्या आयुष्यात अम्मांहून शहाणे माणूस आपण पाहिले नाही, अशी ग्वाही महंमद अलींनी दिली आहे. हे लिहिणारा माणूस ऑक्सफर्डचा पदवीधर होता, हे ध्यानात घ्यावे. बरेलीहून मुलगे अलीगढला गेले. शौकत अली तिथे क्रिकेट संघाचे कप्तान झाले आणि पुढे सरकारच्या अफू खात्यात नोकरीला लागले. त्यांच्याच मदतीवर धाकटा भाऊ 1898 साली ऑक्सफर्डला जाऊ शकला. परत आल्यावर महंमद अलींनी काही वर्षे सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात नोकरी केली, आणि 1911 साली कलकत्त्याहून "कॉम्रेड" हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. दोन्ही मुलांचे चांगले चालले होते. कोणत्याही आईने आता तसबीह घेऊन स्वस्थ बसावे, अशीच ही वेळ होती.

ते सुख फार टिकले नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले, तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध उतरले, आणि महंमद अलींच्या लिखाणाने सरकार बिथरले. मे 1915 मध्ये दोघा भावांना स्थानबद्ध करण्यात आले. प्रथम दिल्लीजवळ मेहरौली, मग लॅन्सडाउन आणि शेवटी छिंदवाडा. हे छिंदवाडा आपल्याला काही परके नाही. नागपूरच्या उत्तरेचे हे गाव तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. म्हाताऱ्या बी अम्मा मुलांबरोबर तिथे राहायला गेल्या.

1917 साली सरकारने सुटकेचा मार्ग दाखवला. एका हमीपत्रावर सही करायची, की मोकळे! गुप्त पोलीस खात्याचा एक अधिकारी तो कागद घेऊन छिंदवाड्याला आला. इस्लामच्या आज्ञांना बाध न येता, एवढी पुस्ती जोडून सही करायला भाऊ तयार होते. सरकारला ती पुस्ती नको होती. अशा वेळी आई काय म्हणेल? मुलांचे संसार उघडे पडले आहेत, स्वतःचे वय झाले आहे. "घाला रे सही, घरी चला," असे ती म्हणाली असती तर तिला कोणी दोष दिला असता? मी तरी दिला नसता.

बी अम्मांनी त्या अधिकाऱ्याला सांगितले, की माझी मुले भिऊन दीनाच्या किंवा देशाच्या विरुद्ध काही कबूल करतील, तर या सुरकुतलेल्या हातांना अल्ला एवढे बळ देईल की मीच त्यांचे गळे दाबीन. हे शब्द पुढे देशभर गाजले आणि व्यासपीठावरून पुन्हा पुन्हा सांगितले गेले. मात्र ते ऐकून टाळ्या वाजवताना एक गोष्ट आपण विसरतो. हेच ते हात, ज्यांनी बांगड्या उतरवून या मुलांची फी भरली होती. त्या हातांना काय वाटले असेल, हे इतिहास सांगत नाही.

सुटका झाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्याला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. अध्यक्ष म्हणून निवड झालेली होती महंमद अलींची, आणि ते तर स्थानबद्ध! त्यांच्या जागी त्यांची तसबीर ठेवण्यात आली. काँग्रेसचे अधिवेशनही तिथेच डॉ. अ‍ॅनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली होते. जन्मभर पडद्यात राहिलेल्या बी अम्मा बुरखा घेऊन त्या विराट समुदायापुढे बोलल्या. घराबाहेर त्या पुढारी होण्यासाठी पडल्या नव्हत्या. मुलाची खुर्ची रिकामी होती, म्हणून पडल्या होत्या.

डिसेंबर 1919 मध्ये भाऊ सुटले. परंतु 1921 साली कराचीच्या खिलाफत परिषदेत इंग्रजी फौजेची नोकरी मुसलमानाला हराम असल्याचा ठराव झाला, आणि त्या खटल्यात दोघांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. आता बी अम्मांनी सबंध देश पालथा घालायला सुरुवात केली. वय सत्तरीचे, सोबतीला महंमद अलींच्या पत्नी अमजदी बेगम. सासू-सुना एकत्र दौरे काढतात, हेच मुळी त्या काळी नवल होते. पंजाबातील एका सभेत त्यांनी चेहऱ्यावरचा नकाब वर केला. इथे जमलेले सगळे माझे मुलगेच आहेत, मुलांपासून आईला कसला पडदा, असा त्यांचा युक्तिवाद होता. यावर तेव्हाही वाद झाले असतील आणि आजही होतील. मला त्यात पडायचे नाही. मात्र ज्या बाईने हे केले ती नमाज-रोजाची पक्की होती आणि तिने ते विचारपूर्वक केले होते, एवढे नोंदवून ठेवतो. बी अम्मांच्या तोंडी घातलेले, मुलाला कुर्बानीस पाठवणारे एक गाणे तेव्हा उत्तर हिंदुस्थानात गल्लोगल्ली म्हटले जाई. गाण्यातली आई सोपी असते. खरी आई दौऱ्यावरून परतल्यावर तुरुंगातून पत्र आले का, ते आधी विचारते.

एक शंका मात्र मनात राहतेच. दागिने तारण पडले ते मुलग्यांच्या शाळेसाठी. मुलींच्या शाळेसाठी आपल्या समाजात दागिना निघायला पुढे बरीच वर्षे जावी लागली, आणि अजूनही प्रत्येक घरात तो निघतोच असे नाही. फी भरण्याच्या दिवसांत शाळेच्या कचेरीत ज्या माता येतात, त्यांच्या हातांकडे पाहिले की हे ध्यानात येते.

1923 साली मुलगे सुटले आणि त्याच डिसेंबरात काकिनाडा येथे महंमद अली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आईला हे पाहायला मिळाले. लगेच पुढच्या वर्षी महंमद अलींची तरुण मुलगी अमीना क्षयाने गेली, तेही आजीला पाहावे लागले. देशात ठिकठिकाणी हिंदू-मुसलमानांचे दंगे सुरू झाले होते. सप्टेंबर 1924 मध्ये गांधीजींनी ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला, तो दिल्लीला महंमद अलींच्याच घरी. गांधीजी बी अम्मांच्या बिछान्यापाशी जात तेव्हा त्या स्वतःच्या दुखण्याविषयी न बोलता स्वराज्य आणि ऐक्य कुठवर आले, तेच विचारीत.

13 नोव्हेंबर 1924 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आपल्या मय्यतीवर खादीखेरीज दुसरे कापड नको, असे त्यांनी महंमद अलींना बजावून ठेवले होते. त्या रात्री गांधीजी आणि सरोजिनी नायडू तिथे होते. गांधीजींनी लिहून ठेवले आहे, की कोणी मोठ्याने रडले नाही, सगळे अल्लाचे नाव घेत होते. महंमद अलींच्या गालांवरून मात्र आसवे ओघळत होती. "कॉम्रेड" चा छापखाना घराला लागूनच होता. तो क्षणभरही थांबला नाही, आणि महंमद अलींनी संपादकाचे आपले काम पुरे केले.