घसा मिटतो कुठे? : झोपेतील श्वासरोध आणि मज्जातंतू-उत्तेजन
प्रस्तावना

पनवेलला रस्ते फुटतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, राष्ट्रीय महामार्ग 66 इथूनच कोकणात उतरतो आणि शेजारच्या उरणमधल्या बंदराकडे जाणारे कंटेनर रात्रंदिवस गावाला वळसा घालून जातात. रात्रभर गाडी चालवणारा ड्रायव्हर पेंगला तर त्यात नवल नाही. पण आठ तास झोपूनही दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर ज्याची मान पडते, त्याचे काय? मालकाला वाटते हा पिऊन आला. सोबतचे म्हणतात, आळशी आहे. बायको सांगते, ‘हे घोरतात आणि घोरता घोरता एकदम गप्पच होतात.’ या तिघांत निदानाच्या सर्वांत जवळ असते ती बायको.

त्या ‘एकदम गप्प’ होण्याचे वैद्यकीय नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध. नाकाच्या मागे हाडांचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेचा आहे. मधल्या घशाला मात्र असा टणक आधार नाही. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचे मूळ आणि बाजूच्या भिंती या सगळ्यांना जागेपणी स्नायू ताणून धरतात. झोप लागली की तो ताण सैल होतो. मऊ पडलेल्या कागदी नळीतून शहाळ्याचे पाणी जोरात ओढले की नळी चपटी होते, तसाच अरुंद घसा आत ओढल्या जाणाऱ्या श्वासाने मिटतो.

स्लीप स्टडीच्या आलेखावर हे लख्ख दिसते. नाकातल्या हवेची रेघ आडवी पडते, पण छाती-पोटाच्या पट्ट्यांच्या रेघा हलतच असतात. याचा अर्थ, श्वास घ्यायचा हुकूम मेंदूकडून सुटतो आहे, वाट तेवढी बंद आहे. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदूच्या लहरी क्षणभर जागेपणाच्या होतात, घसा उघडतो, मोठा घोर बाहेर पडतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. 10 सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की एक ॲप्निया मोजतात. श्वास थांबण्याचे आणि उथळ होण्याचे प्रसंग मिळून तासाला जी सरासरी येते, ती एएचआय. हा आकडा 5 पासून सौम्य, 15 पासून मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र आजार दाखवतो. रोग्याला सकाळी यातले काहीच आठवत नाही, आणि आजार वर्षानुवर्षे लपून राहतो तो यामुळेच.

हा आजार आपल्याकडे किती आहे, याचे पहिले ठळक उत्तर मुंबईने दिले. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 मध्ये ती प्रसिद्ध केली. झोपेत श्वास बिघडण्याचे प्रमाण 19.5 टक्के निघाले; त्यासोबत दिवसा झोप अनावर होणारे 7.5 टक्के होते. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, हे इथे विसरून चालणार नाही. गळ्याचा घेर, वजन आणि मधुमेह यांच्याशी आजाराचे नाते त्यातही दिसले. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या निधनानंतर डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले आणि ते वर्तमानपत्रांतून घराघरांत गेले.

उपचाराचा इतिहास फार जुना नाही. 1970 च्या दशकात तीव्र आजारावर हमखास इलाज एकच होता: गळ्याला भोक पाडून अडथळ्याच्या खालून श्वास घेऊ देणे. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवता येतो हे दाखवले. तेच सीपॅप. आजही पहिला उपचार तोच, आणि जो तो नीट वापरतो त्याला दुसरे काही शोधायची गरज सहसा पडत नाही. अडचण वापराची आहे. कुणाला मास्क टोचतो, कुणाचे नाक कोरडे पडते, कुणाला कोंडल्यासारखे होते, आणि थोड्याच महिन्यांत यंत्र कपाटावर जाते.

अशांसाठी दुसरी वाट निघाली ती एका साध्या निरीक्षणातून. जीभ पुढे खेचणारा मुख्य स्नायू जिनिओग्लॉसस. श्वास अडतो तेव्हा या स्नायूची हालचाल मंदावलेली असते, हे 1978 मध्ये जॉन रेमर्स यांच्या गटाने नोंदवले. मग बाहेरून हवा रेटण्याऐवजी त्या स्नायूलाच योग्य क्षणी जागे केले तर? त्याला हुकूम पोहोचवणारा मज्जातंतू म्हणजे बारावा, हायपोग्लॉसल. 2001 मध्ये आठ रोग्यांवरचा पहिला रोपणाचा अनुभव प्रसिद्ध झाला.

शस्त्रक्रिया अशी होते. उजव्या कॉलरबोनखाली पेसमेकरसारखी एक छोटी डबी बसवतात. तिची एक तार हनुवटीखालून मज्जातंतूपर्यंत जाते. कसब लागते ते इथे. या मज्जातंतूच्या काही फांद्या जीभ पुढे काढतात, काही मागे ओढतात. सर्जन एकेका फांदीला हलका विद्युतस्पर्श देऊन जीभ कुठे जाते ते पाहतो आणि पुढे काढणाऱ्या फांद्यांभोवतीच मऊ कडे बसवतो. मागे ओढणारी एक फांदी चुकून आत आली तरी फायदा घटतो. श्वासाची लय ओळखणारा संवेदक पूर्वी बरगड्यांमध्ये बसवावा लागे. 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नव्या रचनेत तो डबीतच आला. साधारण महिन्याभराने यंत्र चालू होते. झोपताना रोगी रिमोटचे बटण दाबतो, आणि मग प्रत्येक श्वासाबरोबर जीभ थोडी पुढे सरते.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार’ चाचणीने या शाखेला पाया दिला. सीपॅप न झेपलेल्या 126 जणांत वर्षभराने एएचआयचा मध्यांक 29.3 वरून 9.0 वर आला. फायदा झालेल्यांपैकी काहींचे यंत्र आठवडाभर बंद ठेवले, तेव्हा त्यांचा आजार परत उसळला. गुण यंत्राचाच होता, हे यावरून ठरले. तरी आधीच ठरवलेल्या कसोटीला उतरले ते 66 टक्के. म्हणजे निवडून घेतलेल्या रोग्यांतही तिसरा हिस्सा मागे राहिला.

या पुस्तकाचा गाभा त्या तिसऱ्या हिश्श्यात आहे. घसा सगळ्यांचा एकाच जागी मिटत नाही. औषधाने झोप आणून दुर्बिणीतून घसा पाहिला, तर कुणाची जीभ मागे पडते, कुणाचा टाळू पुढून मागे मिटतो, तर कुणाचा टाळूजवळचा घसा चहूबाजूंनी आवळतो. या शेवटच्या प्रकारात वर सांगितलेले यंत्र बसवत नाहीत, कारण जीभ पुढे आली तरी ती गाठ सुटत नाही. साधनही आता एकच राहिलेले नाही. बेल्जियममधील कंपनीचे ‘जेनिओ’ हे यंत्र दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंना चेतवते आणि त्याची बॅटरी शरीरात नसते. वजन उतरवणाऱ्या तिर्झेपटाइड या औषधाला 2024 च्या अखेरीस अमेरिकेत लठ्ठपणासह असलेल्या या आजारासाठी मान्यता मिळाली. साधने वाढतच जाणार. पण त्यांतले कोणते कुणासाठी, हा निवाडा तपासणीशिवाय होणार नाही, असे आमचे म्हणणे आहे.

भारतीय वाचकाने खर्चही ध्यानात घ्यावा. रोपणाचा हिशेब लाखांत जातो, बॅटरी साधारण अकरा वर्षांनी बदलावी लागते, आणि लाखांतले यंत्र चुकीच्या घशात बसले तर पैसाही गेला आणि झोपही. सीपॅपचा मास्क नीट बसवून घेणे, वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दातांवर बसणारे जबड्याचे उपकरण या स्वस्त वाटा म्हणून आधी चोखाळायच्या.

पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच फॅमिली डॉक्टर, परिचारिका आणि वाहतूक व्यवसायातल्या मंडळींसाठीही. शरीररचनेची ओळख नसणाऱ्याने पहिले प्रकरण वाचावे, असणाऱ्याने ते खुशाल ओलांडावे. निदान तिसऱ्या प्रकरणात आहे आणि शस्त्रक्रिया मुद्दाम सातव्यात ठेवली आहे. उत्सुकतेपोटी कुणी थेट सातव्यात शिरले तरी आमची हरकत नाही. ‘हे मला चालेल का?’ असा प्रश्न तिथे पडला की उत्तरासाठी तिसऱ्याकडेच परतावे लागेल.

— संपादक, पनवेल