रंग नवा, कागद जुना: भोसरीतल्या घरांची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखंच सगळं लिहून देतोय. बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडेतिकडे केलंय, बाकी जसंच्या तसं.

तुमच्या मोबाईलवर ती रील येऊन गेली असेलच. पडकं घर, जाळी-जळमटं, गळकं छत. मग गाणं बदलतं, आणि वीस सेकंदांत तेच घर चकाचक! खाली आकडा: इतक्याला घेतलं, इतका खर्च केला, इतक्याला विकलं. अमेरिकेत २००५ च्या सुमाराला यावर टीव्हीचे कार्यक्रमच सुरू झाले होते. जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, झटपट विकायचं.

आता हेच आपल्या भोसरीत करायचं ठरवलं तर?

ठरवलं होतं. माझ्या मामांनी. मामा १९७८ मध्ये मराठवाड्यातून इथं आले, एका कारखान्यात लागले. १९८४ मध्ये त्यांनी भोसरीत अर्धा गुंठा जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या. रिटायर झाल्यावर गावी गेले, घर आठ वर्षं बंद राहिलं. पत्रा गंजला, भिंतींना ओल आली, मोरीच्या कोपऱ्यात पिंपळ उगवला. मागच्या वर्षी मामा म्हणाले, "विकून टाकू. पण आधी जरा नीट करू, म्हणजे चार पैसे जास्त येतील." पिंपळ काढला, नवा पत्रा टाकला, गिलावा, फरशी, वायरिंग, रंग. साडेतीन लाख गेले. गिऱ्हाईक महिनाभरात आलं, घर आवडलंसुद्धा. आणि मग बँकेनं कागद मागितले.

मामांनी काढला वीस रुपयांचा स्टॅम्प पेपर. चाळीस वर्षांपूर्वीचा. घड्यांवर फाटलेला. बँकेनं नाही म्हटलं, गिऱ्हाईक गेलं.

मामा अडाणी होते म्हणून असं झालं का? अजिबात नाही. तो स्टॅम्प पेपर कुठून आला, हीच आजची गोष्ट आहे.

चला मागे. भोसरी हे गाव. शेती, गावठाण, दगडमातीची घरं, कुस्तीचा आखाडा. शेजारी पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि या पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी घेणं सुरू झालं. १९७० मध्ये भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी मिळून नगरपालिका झाली. १९८२ मध्ये महापालिका. म्हणजे बारा वर्षांत ग्रामपंचायतीची नगरपालिका आणि नगरपालिकेची महापालिका!

कारखाने आले, तशी माणसंही आली. मराठवाडा, खानदेश, कोकण, सातारा, सांगली. त्यात १९७२ चा दुष्काळ. मशीन बसवायला जागा होती, पण मशीन चालवणाऱ्यानं झोपायचं कुठं? मोठ्या कंपन्यांनी थोड्याफार कॉलन्या बांधल्या. बाकीचे गावकऱ्यांनी शेताच्या कडेला बांधलेल्या चाळीत. दहा बाय दहाची खोली, पाळ्या लावून झोपणारे चार-पाच जण. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा.

त्याच १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं. कल्पना चांगली होती: कामगारांना परवडतील असे आखीव प्लॉट आणि घरं द्यायची. इंद्रायणीनगरसारखे सेक्टर त्यातूनच उभे राहिले. पण त्यासाठी जमीन लागते, आणि ती होती शेतकऱ्याची. एकदा एमआयडीसीला दिलेली, आता पुन्हा प्राधिकरणाला. मोबदल्याचा वाद पुढं अनेक दशकं चालला.

आता त्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जमीन संपादनात जाणार, सरकारी भाव मिळणार, तोही कधी ते माहीत नाही. आणि दारात कामगार उभा आहे, हातात रोख पैसे, म्हणतोय, "पाटील, गुंठाभर द्या." एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्यागुंठ्यानं विकलं तर चांगले पैसे सुटतात. विकणारा तयार, घेणारा तयार. अडचण एकच. शेतजमिनीचे असे बारीक तुकडे करायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं मनाई. मग रजिस्ट्री होणार कशी? नाहीच झाली. व्यवहार झाला स्टॅम्प पेपरवर, कुलमुखत्यारपत्रावर, नोटरीसमोर, चार पंचांच्या सह्यांनी. यालाच आपण गुंठेवारी म्हणतो.

म्हणजे मामांचा तो कागद हा एका माणसाचा निष्काळजीपणा नव्हता. तेव्हा कामगाराला परवडणारं घर मिळायची ती जवळपास एकच वाट होती. आणि तीवर सगळे चालत होते. पालिकेनं घरपट्टी लावली, नळ दिला, वीज आली. माणसाला वाटलं, झालं की आपलं घर!

इथंच गफलत आहे. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. लाईटबिलाचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सुरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं: नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर किंवा साध्या करारावर स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही, रजिस्टर झालेलं खरेदीखत लागतं. तो निकाल आल्यावर असल्या कागदांवर कर्ज मिळवणं अजूनच अवघड झालं.

सरकारनं वाट काढली नाही असंही नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. २०२१ मध्ये त्यात बदल करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला दार उघडलं. अर्ज, नकाशा, शुल्क, आणि जागा नियमात बसली तर घर नियमित. पण "बसली तर" हे महत्त्वाचं. दिघीच्या दारूगोळा डेपोमुळे भोसरी-दिघीचा काही भाग लष्कराच्या रेड झोनमध्ये येतो. तिथं भिंतीला कितीही महाग रंग लावा, नियम बदलत नाही.

आणि प्राधिकरणाच्या प्लॉटवरची घरं? ती कागदानं भक्कम, पण त्यांची गोष्टही सरळ नाही. ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली. विकायचं तर हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क. शिवाय जून २०२१ मध्ये प्राधिकरणच विलीन झालं: काही भाग महापालिकेकडे, काही पीएमआरडीएकडे. म्हणजे फाईल कुठल्या टेबलावर आहे, हेच आधी शोधायचं.

कोणी म्हणेल, एवढं काय, घर नवं आणि देखणं असलं की विकलं जातंच. त्याला शेजारच्या चिखलीचं सांगा. मे २०२५ मध्ये इंद्रायणीच्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला होता. ती पडकी घरं नव्हती हो, लोकांनी आयुष्यभराची कमाई घातलेले बंगले होते. भिंत मजबूत होती, पण भिंतीखालची जागा चुकीची होती.

आता जरा हिशोब, कारण रीलमध्ये तो नसतो. समजा कागद एकदम स्वच्छ आहेत आणि तुम्ही तीस लाखांचं जुनं घर घेतलं. आपल्याकडे मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे दोन लाख दहा हजार. नोंदणी फी तीस हजार. पहिला ब्रश डब्यात बुडायच्या आधी दोन लाख चाळीस हजार गेले! बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. पूर्वी त्या सुटीला अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली. पुढं, चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन धरला जातो आणि तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. म्हणून आपल्याकडे "घे, रंगव, वीक" हा धंदा अमेरिकेसारखा फोफावत नाही.

पण माझं म्हणणं हिशोबापुरतं नाहीये. भोसरीतलं दुर्लक्षित घर म्हणजे नेमकं काय? आपण गळका पत्रा बघतो. पत्रा आठ दिवसांत बदलतो. खरं दुर्लक्ष चाळीस वर्षं कागदावर झालेलं असतं, आणि ते दरवर्षी वाढतं. मामांना ज्यांनी जागा दिली ते गृहस्थ वारले. आता सातबाऱ्यावर त्यांच्या सात वारसांची नावं आहेत. एक मुलगी नाशिकला, एक नातू दुबईत. १९८४ मध्ये एका सहीचं काम होतं, ते आज सात सह्यांचं झालंय. पंचांपैकी एकच हयात आहेत, वय पंच्याऐंशी.

मामांनी आता उलट्या क्रमानं काम सुरू केलंय. आधी सातबारा आणि फेरफार काढले, मोजणीचा अर्ज केला, गुंठेवारीची फाईल वकिलाकडे दिली. पाचव्या वारसापर्यंत पोचलेत. परवा फोनवर म्हणाले, "अरे, त्या साडेतीन लाखांत हे सगळं झालं असतं. रंग गिऱ्हाइकानं दिला असता त्याच्या आवडीचा."

तर मंडळी, आज एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, आपल्या घराचे कागद कुठं आहेत, आणि सह्या करणारी माणसं कोण होती. कपाटातली ती पिशवी त्यांच्याच समोर उघडा. त्यांना अजून सगळं आठवतंय तोवर.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!