बेळगावने घालवलं, औंधने कमावलं

आज स्टार्टअपला सरकारने काय द्यावं, यावर भरपूर बोललं जातं. त्याचं एक जुनं उत्तर आपल्या बेळगावच्याच इतिहासात आहे, अन् त्यातलं निम्मं उत्तर 'काय करू नये' या सदरात जातं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा, गुर्लहोसूरचा. मुंबईची नोकरी सोडून ते बेळगावात आले, भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. म्हणजे माल तयार, पण गिऱ्हाईक अजून तयार व्हायचं होतं. कुठल्याही नव्या धंद्याचा हा सगळ्यात नाजूक काळ.

नेमकं मग नगरपालिकेने गावाबाहेर नवी वस्ती वसवायला घेतली आणि कारखान्याला जागा सोडावी लागली. वस्ती वाढवणं काही चूक नव्हतं. पण नकाशात त्या कारखान्याची किंमत कोणी धरलीच नाही.

तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. संस्थान लहान, तिजोरी बेताची. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकर माळ आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. माळ कसला, निवडुंग आणि सापांचं रान! 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर या मदतीत तीन गोष्टी दिसतात. एक, पुन्हा कोणी उठवणार नाही अशी जागा. दोन, धंद्याला जम बसेपर्यंत थांबणारा पैसा. तीन, जागा रेल्वेला लागून. लोखंड, कोळसा आणायला आणि नांगर पाठवायला रूळ हवेतच. नांगर कसा करायचा, हे मात्र दरबारने शिकवलं नाही. ते काम कारखानदाराचं.

याचा परिणाम एका कारखान्यापुरता राहिला नाही. 1916 मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना औंध संस्थानातच सुरू झाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघर पोचला. किर्लोस्करवाडीत घरं झाली, छापखाना आला, तिथून निघालेलं 'किर्लोस्कर' मासिक मराठी घरांत वाचलं जाऊ लागलं. 1941 मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रांचा कारखाना निघाला. एका रोपाला माती मिळाली की शेजारी दुसरं उगवतं, ते असं.

आता एक शंका रास्त आहे: हे सगळं एका राजाच्या मर्जीवर चाललं. मर्जी फिरली असती तर? म्हणूनच देशभर उद्योजक घडवायचे तर औंधच्या राजाने मैत्रीपोटी जे केलं, ते सरकारने नियमाने करायला हवं. ओळख नसलेल्यालाही ते मिळायला हवं. आणि गावाचा आराखडा आखताना, ज्या पत्र्याच्या शेडवरून रेघ जातेय तिथे काय बनतं, हे आधी जाऊन पाहायला हवं.