तूर का उधळते? एका चुकलेल्या निदानाचा इतिहास

१/७
परभणी ते मानवत रोड या लोहमार्गावर पेडगाव लागते. भोवताली काळी जमीन आणि कोरडवाहू शेती. या पट्ट्यात जोमाने वाढलेली तूर ऐन फुलोऱ्यात, शेंगा भरताना, ओल असूनही वाळते. 'तूर उधळली' असे शेतकरी म्हणतात. कृषिशास्त्र त्याला 'मर रोग' म्हणते. वर्षभराचे श्रम हाताशी येता येता जातात.

२/७
पण मारेकरी कोण? त्याचा शोध बिहारमधील पुसा येथे लागला. १९०५ साली तेथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. वैद्यकीचे शिक्षण घेतलेले आयरिश शास्त्रज्ञ एडविन जॉन बटलर तेथे बुरशींचा अभ्यास करीत होते.

३/७
मेलेल्या झाडांवर 'निओकॉस्मोस्पोरा' नावाची बुरशी सापडे. अमेरिकेत एर्विन स्मिथ यांनी कपाशीच्या मर रोगाचा संबंध तिच्याशीच जोडला होता. साहजिकच भारतातही संशय तिच्यावर गेला.

४/७
बटलर यांनी निरोगी झाडांना तिचा संसर्ग करून पाहिला; झाडे मेली नाहीत. ती केवळ मृत झाडावर जगणारी होती. खरी दोषी निराळीच निघाली. १९१० साली बटलर यांनी तिला 'फ्युजेरियम उडम' हे नाव दिले.

५/७
ही बुरशी जमिनीतून बारीक मुळांत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नलिका निकामी करते. बुंध्याची साल सोलली की आत काळपट रेघा दिसतात. पीक निघाले तरी ती जुन्या धसकटांत वर्षानुवर्षे तग धरते. म्हणूनच त्याच शेतात पुन्हा तूर घेणे घातक ठरते.

६/७
मग उपाय? ज्वारीत तूर घेण्याची येथील रीत जुनी आहे. अशा मिश्र पिकात आणि ज्वारीच्या फेरपालटाने मर घटते, हे पुढे प्रयोगांतून दिसले. मुद्दाम रोगट राखलेल्या जमिनीत वाण पेरायचे आणि जगतील तेच निवडायचे, ही पद्धतही रूढ झाली.

७/७
१९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या बदनापूर केंद्राने 'बीएसएमआर-७३६' सारखे मर रोगाला दाद न देणारे वाण दिले. बुरशी मात्र मातीतून गेलेली नाही. त्यामुळे पेरणीपूर्वीचा पहिला प्रश्न आजही तोच आहे : गेल्या वर्षी या शेतात काय होते?