192 मतांनी पडलेला माणूस: सांगोल्याचे गणपतराव देशमुख

वाकोल्याहून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे ऑडिओत मधूनच विमान जाईल. इथे ब्लॉगवर वाचणाऱ्यांना तेवढा त्रास नाही.

मागे एका एपिसोडनंतर कुणीतरी विचारलं होतं, जगात सगळ्यात जास्त वर्षं निवडून आलेला माणूस कोण? अमेरिकेच्या संसदेपुरतं बोलायचं तर जॉन डिंगेल. मिशिगनचे. 1955 ते 2015, म्हणजे 59 वर्षं. तेवढ्यावरच थांबणार होतो. पण मग आठवलं की आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात असाच एक माणूस होऊन गेला आणि त्याची गोष्ट मला जास्त अवघड वाटते.

गणपतराव देशमुख, सांगोल्याचे आमदार. लोक त्यांना आबासाहेब म्हणायचे. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, पेशा वकिली, पक्ष शेतकरी कामगार पक्ष. 1962 ला पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि 2014 ला अकराव्यांदा.

त्यांच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर जे फिरतं त्यात ‘54 वर्षं आमदार’, ‘जागतिक विक्रम’ असं काय काय असतं. दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे मी, आकडा दिसला की बेरीज करून बघायची खोड आहे. 1962 ते 72 दहा वर्षं. 1974 ते 95 साधारण एकवीस. 1999 ते 2019 वीस. झाली 51. आणि केरळचे के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते. तेव्हा विक्रमाचं सोडून देऊ. मला त्या बेरजेतल्या दोन फटी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली फट 1972 ची. त्या वर्षी ते हरले आणि नेमका तेव्हाच महाराष्ट्राच्या आठवणीतला सगळ्यात भयानक दुष्काळ पडला. सांगोला म्हणजे माणदेश. पाऊस मुळातच कमी. ज्या माणसाने पाण्यासाठी भांडायचं तोच सभागृहाबाहेर. 1974 च्या पोटनिवडणुकीत ते परत आले.

दुसरी फट 1995 ची. शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं. फरक होता 192 मतांचा! आपल्या वाकोल्यात दोन बिल्डिंगी खाली उतरल्या तरी तेवढी मतं होतात. गणपतराव तेव्हा सत्तरीला टेकलेले. कुणीही म्हटलं असतं, झालं आता, विश्रांती घ्या. ते 1999 ला पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. त्यानंतर आणखी तीनदा.

आता डिंगेलशी तुलना करतो, कारण इथे एक गंमत आहे. अमेरिकेत जितका जुना सदस्य, तितकं कमिटीत त्याचं वजन. डिंगेल ऊर्जा आणि वाणिज्य समितीचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांना मोठमोठ्या कंपन्या टरकून असायच्या. आपल्याकडे ज्येष्ठतेला तसा भाव नाही. फार तर नव्या विधानसभेत शपथ द्यायला हंगामी अध्यक्ष करतात. खरी ताकद मंत्रिपदात, आणि मंत्रिपद सत्तेतल्या पक्षाकडे. गणपतराव मंत्री झाले ते दोनदाच, 1978 ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या. बाकी जवळपास सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर.

बरं, पक्ष बदलता आला असता. शेकाप ज्यांनी काढला ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे स्वतः पुढे काँग्रेसमध्ये परत गेले. संस्थापकच गेल्यावर सांगोल्याच्या एका आमदाराला कोण नावं ठेवणार होतं? ते गेले नाहीत. मी याला नुसती निष्ठा म्हणणार नाही, त्यात हट्ट पण होता. आणि त्या हट्टाची किंमत तालुक्यानेही मोजली असेल, असं मला वाटतं. सत्तेतल्या आमदाराला निधी लवकर मिळतो, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे.

मग हातात काय उरतं? सभागृहात प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरची भाषणं. आणि सभागृहाबाहेर संघटना. त्यांनी सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी केली. कापसाचा पट्टा नसलेल्या दुष्काळी तालुक्यात सूतगिरणी! सहकारातल्या कितीतरी गिरण्या बुडाल्या, ही चालली. आणि पाणी. 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव. सातारा, सांगली, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांची मागणी एकच, कृष्णेचं पाणी उचलून आम्हाला द्या, आणि सगळ्यांना सारखं द्या. टेंभूसारख्या योजना त्या रेट्यातून पुढे सरकल्या. वर्षानुवर्षं, इंच इंच.

ते मुंबईला अधिवेशनाला एसटीने यायचे, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. साधेपणाच्या या गोष्टी मला आवडतात, पण त्यावरच थांबलो की माणूस देव होऊन जातो आणि त्याने पन्नास वर्षं नेमकं काय मागितलं ते कुणी विचारत नाही.

2019 ला वयामुळे ते थांबले. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापूच. हो, तेच! 2022 मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणणारे. नातू पडला, 768 मतांनी. 30 जुलै 2021 ला सोलापुरात गणपतराव गेले, वय 94.

डिंगेलांच्या आधी त्यांचे वडील त्याच जागेवर होते, नंतर पत्नी डेबी आल्या. घराणेशाही म्हटलं की मला जरा खटकतंच, आणि सांगोल्याला सूट द्यावी असं काही नाही. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच लढले आणि शहाजीबापूंना हरवून आले. अख्ख्या विधानसभेत शेकापचा तो एकच आमदार. म्हणजे आजोबांसारखंच, बसायला विरोधी बाक.