ज्वारीच्या कडेची करडई

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डीच्या परिसरात आज ऊस दिसतो, पण तो कालव्याने आणलेला. 1879 च्या सुमारास खडकवासल्याचे धरण उभे राहिले आणि मुठेचा उजवा कालवा पाटसकडे निघाला. त्याआधी, आजचा दौंड तालुका भीमथडी तालुक्यात मोडत असताना, हा मुलूख ज्वारी-बाजरीचा होता. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईची काटेरी ओळ पेरत, म्हणजे गुरे आत शिरत नसत. करडईची दखल बहुधा इथेच थांबते: कुंपण आणि गळिताचे धान्य. तिचे मोठे काम मात्र ताटात होते.

कोवळेपणी करडईची पाने भाजीला, पुढे बी घाण्याला. पानातले कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, पाण्यात विरघळत नाही. ते अंगी लागायचे तर आधी तेलात उतरावे लागते. मग पित्त त्या तेलाचे अतिसूक्ष्म कण करते आणि त्या कणांवर बसून कॅरोटिन आतड्याच्या भिंतीपाशी पोचते. एका जेवणात तीन ते पाच ग्रॅम तेल एवढ्याला पुरते. म्हणजे पोषणद्रव्य आणि त्याचे वाहन एकाच झाडाने दिले. भाजीला या तेलाची फोडणी चवीसाठीच घालत, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, पण चवीने टिकलेली सवय पोटाच्या उपयोगाची नसते, असे थोडेच आहे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1875 साली याच भीमथडीतल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि पाठोपाठ 1876-78 चा दुष्काळ आला. अशा घरात तेल कुठले? हे मान्यच करायला हवे. माझा दावा बऱ्या वर्षांपुरता आहे, आणि तेव्हाही पळीभर तेलाचाच.

वाहनाच्या या गोष्टीत ज्वारीचीही एक बाजू आहे. तिच्यातले काफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजवल्यावर पचायला जड होते, म्हणून आहारशास्त्र ते उणे धरते. प्रिटोरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये त्याच काफिरिनचे सूक्ष्मकण करून त्यांत कॅटेचिन हे वनस्पतिजन्य द्रव्य बंदिस्त केले, कारण सावकाश पचणारे आवरण आतला ऐवज हळूहळू सोडते. भाकरी म्हणजे असे आवरण नव्हे, हे खरे. पण ज्या धान्याला आपण मागे सारले, त्याचा हा गुण दुर्लक्षू नये.

ऊस आला तशी कडेची ओळ गेली. तेल आता दुकानातून हवे तेवढे येते. हरवली ती घरच्या शेतातली हिवाळी भाजी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांची करडई काढली आहे. ती गुरे अडवणार नाही. ती पेरायची तर खाण्यासाठीच पेरावी लागेल.